चाराला एक

आमच्या घरात दारूचा विषय निघाला की आई देवघराकडे बघते आणि अण्णा गळ्यातल्या माळेला हात लावतात. त्यामुळे २०२३ मध्ये ऑफिसच्या कामासाठी दोन महिने स्पेनला, मालागाला गेले होते तेव्हा तिथे काय काय चाखलं हे घरी सांगायचा प्रश्नच नव्हता. पण त्यातली एक गोष्ट अशी की सांगितल्याशिवाय मला राहवेना, कारण ती वाइनची कमी आणि बेदाण्याची जास्त होती, आणि बेदाण्याचं अण्णांना नाही सांगायचं तर मग कुणाला सांगायचं?

तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. तुमच्या शिऱ्यात, पुलावात, सत्यनारायणाच्या प्रसादात जो पिवळा-हिरवट बेदाणा असतो ना, तो बराचसा आमच्या भागातला. फेब्रुवारी-मार्चला द्राक्षं काढायची, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात क्रेटच्या क्रेट बुडवून काढायचे, शेडमध्ये जाळीच्या रॅकवर पसरायची, पंधरा-एक दिवसांनी वाळली की रॅक हलवून झाडायचा, मग गंधकाची धुरी, निवडणी, बॉक्स, कोल्ड स्टोरेज, आणि शेवटी सौदा, म्हणजे बेदाण्याचा लिलाव. आमची अर्धी उन्हाळी सुट्टी शेडमध्येच जायची. अण्णांचा हिशोब एका वाक्याचा: चाराला एक. चार किलो द्राक्षं घातली की एक किलो बेदाणा. मग बाकीचे तीन किलो कुठे जातात, असं मी लहानपणी विचारलं होतं, तर म्हणाले, "वारा नेतोय. त्याचं पैसं कोण देत न्हाय."

तर मालागा.

पहिल्याच आठवड्यात ऑफिसातली एक मुलगी मला आलामेदा प्रिन्सिपाल या मोठ्या रस्त्यावरच्या एका बारमध्ये घेऊन गेली. आंतिग्वा कासा दे ग्वार्दिया. १८४० पासून चालू आहे. बसायची सोय जवळजवळ नाहीच, एका भिंतीला लाकडी पिंपांची लांबलचक रांग, प्रत्येकावर आतल्या वाइनचं नाव, पुढे लाकडी काउंटर आणि सगळे उभे. बारवाला पिंपाची तोटी सोडून छोट्या ग्लासात ओततो आणि तुमच्या समोरच्या लाकडावर खडूने किंमत लिहितो. दुसरा ग्लास, खाली दुसरा आकडा. शेवटी बेरीज, पैसे, आणि ओल्या फडक्याने हिशोब पुसून मोकळा. मला एकदम आमच्या गावातल्या दुकानातली उधारीची पाटी आठवली, फरक एवढाच की ती पाटी कधी पुसली गेल्याचं मी बघितलेलं नाही.

तिने माझ्यासाठी पेद्रो हिमेनेस मागवली. हे माणसाचं नाव वाटतं पण आहे द्राक्षाच्या जातीचं. पीटर सीमेन्स नावाच्या कुणा सैनिकाने उत्तरेकडून वेल आणला अशी दंतकथा आहे, ती तिने रंगवून सांगितली आणि लगेच हेही सांगितलं की डीएनए तपासणीत सैनिक बाद झाला, जात इकडचीच निघाली, हेबेन नावाच्या जुन्या द्राक्षाची पोर. ग्लासात बघितलं तर काळंभोर. घट्ट. ग्लास तिरका केला तर काचेला तपकिरी पडदा चिकटून राहिला. काकवी! तोंडातून मराठीच शब्द निघाला. आणि मी फार चुकले नव्हते, कारण मालागाच्या गडद वाइनमध्ये आर्रोपे म्हणून एक घटक असतो, द्राक्षाचा रस कढईत आटवून आटवून काळा केलेला. म्हणजे द्राक्षाचं गुऱ्हाळच की. त्यात पुन्हा पिंपात किती वर्षं मुरली त्याप्रमाणे नावं बदलत जातात, दोन-तीन वर्षांची नोब्ले, तीन ते पाच वर्षांची आन्येहो, पाचाच्या पुढची त्रासआन्येहो. लाग्रिमा म्हणूनही एक प्रकार आहे, लाग्रिमा म्हणजे अश्रू, यंत्राने न दाबता द्राक्षातून आपलाआप गळलेला रस. एवढं सुंदर नाव आपण कशाला ठेवलं असतं कुणास ठाऊक.

खरं सांगायचं तर मला ती काळी वाइन फार आवडली नाही. दोन घोटांत तोंड भरून जातं. पण ती मुलगी म्हणाली, वाळवलेल्या द्राक्षांची आहे म्हणून एवढी गोड, आणि मी कान टवकारले. वाळवलेली म्हणजे कशी? शेडमध्ये? डिपिंग करून? तिला वाटलं मला वाइनमध्ये फार रस आहे. म्हणाली, माझ्या आईच्या मामाचं छोटं वाइनघर आहे डोंगरात, बोदेगा, आता वाळवणच चालू असेल, रविवारी जाऊ.

मालागाच्या पूर्वेच्या त्या डोंगराळ पट्ट्याला आक्सार्किया म्हणतात. अरबी अश-शर्किया, म्हणजे पूर्वेकडचा मुलूख. मोक्लिनेहो, आल्माचार, एल बोर्हे अशी पांढरी गावं डोंगरावर कुणी ओंजळीने सांडल्यासारखी. रस्ता असा वळणावळणाचा की मी आंबोली घाटात ओकलेली मुलगी असल्याने पुढच्या सीटवर बसले होते.

आता, द्राक्षबाग म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर मांडव येतो, तारा, अँगल, ठिबकच्या नळ्या, ब्लोअर मारणारा छोटा ट्रॅक्टर. इथे यातलं काहीच नाही. उभा डोंगर, तुकड्या-तुकड्यांचा काळपट दगड, आणि त्यात गुडघ्याएवढे वेल, आधाराशिवाय, खोड पिळवटलेलं, पानांच्या खाली घड जमिनीजवळ लपलेले. पावसावरच जगतात. मी खाली बसून दगडाचा एक तुकडा उचलला तर चक्क पाटी. आपली लिहायची दगडी पाटी असते ना, तोच दगड. स्पॅनिशमध्येही त्याला पिसार्रा म्हणतात आणि शाळेतल्या फळ्यालाही पिसार्राच. त्या उतारावर ट्रॅक्टर उभासुद्धा राहणार नाही, म्हणून घडांचे खोके खेचराच्या पाठीवरून खाली येतात. अजूनही. मी फोटो काढत होते आणि खेचर माझ्याकडे अत्यंत तुच्छतेने बघत होतं.

वाळवायची जागा लांबून बघितली तर मला थडगी वाटली, खोटं कशाला सांगू. दक्षिणेकडे तोंड करून उतारावर आखलेले लांबट वाफे, शेजारी शेजारी, वरच्या टोकाला चुना मारलेली त्रिकोणी भिंत. याला पासेरो म्हणतात. पासा म्हणजे मनुका. त्या वाफ्यांत मोस्कातेल जातीच्या द्राक्षांचे घड उघड्या उन्हात पसरलेले, काही अजून हिरवट-सोनेरी, काही तांबूस, काही पार सुरकुतलेले. ना जाळी, ना शेड, ना ऑइल. रात्री दव पडतं म्हणून संध्याकाळी वरून ताडपत्रीसारखं कापड ओढायचं आणि सकाळी काढायचं, रोज. पाऊस आला तर रात्री-अपरात्री पळायचं. हे ऐकल्यावर मात्र मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मार्चमध्ये आभाळ आलं की अण्णा रात्री तीन वेळा उठून बाहेर जातात, मोबाईलमध्ये हवामानाचं अॅप आहे तरीही बाहेरच जातात.

मामाआजोबा ऐंशीच्या पुढचे असावेत. डोक्यावर गवती टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. आम्ही गेलो तेव्हा ते घड उलटत होते. मी बराच वेळ नुसतं ते बघत बसले. डावा हात घडाखाली सरकवायचा, उजव्या हाताच्या दोन बोटांत देठ धरायचा, आणि झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसा घड पालथा करायचा, की खालची ओलसर बाजू वर आली पाहिजे पण एक मणी तुटता कामा नये, कारण तुटला की रस येतो, रस आला की गांधीलमाशी येते. एक घड, मग दुसरा, मग तिसरा. वाफा संपला की पुढचा वाफा. एक मणी सुटून दगडावर घरंगळला तर त्यांनी तो उचलला, शर्टाला पुसला आणि खिशात टाकला. आणि मला सौद्यातलं ते दृश्य आठवलं, बॉक्स उघडून ओंजळभर बेदाणा घ्यायचा, दोन दाणे तोंडात टाकायचे आणि बाकीचा फरशीवर उधळायचा, अण्णा शेजारी उभे आणि पायाखाली त्यांचाच बेदाणा. कुठल्या सौद्यात, कोण, ते लिहीत नाही. बघितलेल्यांना माहीत आहे.

मी डिपिंगबद्दल विचारलं. म्हणजे त्या मुलीला विचारायला लावलं. आपण मण्याला ऑइल लावतो कारण द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी बाहेर पडू देत नाही, ऑइलने तो सैल होतो आणि महिन्याचं काम पंधरवड्यात होतं. मामाआजोबांनी ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, ते डेनियाची लोकं करायची, तिकडे व्हॅलेन्सियाच्या बाजूला, द्राक्षं खाराच्या उकळत्या पाण्यात बुडवून काढायची म्हणजे साल तडकते. आम्ही नाही करत. हे "आम्ही नाही करत" इतक्या तोऱ्यात होतं की अण्णा मिरज तालुक्याबद्दल बोलतायत असं वाटावं.

मग खिशातली नव्हे, वाफ्यातली एक मनुका त्यांनी मला दिली. मोठी, जांभळट, देठासकट. खाल्ली आणि दाताखाली कट् झालं. बी! दोन बिया. मोस्कातेलला बी असतेच. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा आमच्याच मालाच्या नावाचा अर्थ लागला. बे-दाणा. बे म्हणजे नसलेला, बेकार-बेघरमधला फारसी बे. दाणा नसलेला तो बेदाणा. इतकी वर्षं तो शब्द मी बॉक्सवर छापलेला बघत होते.

बोदेगा म्हणजे काहीतरी भव्य असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात गावातल्या त्यांच्या घराचा तळमजला. तीन स्टीलच्या टाक्या, एक हाताने फिरवायचा प्रेस, कोपऱ्यात काही पिंपं, भिंतीवर कॅलेंडर. वाइनसाठी द्राक्षं पार कडक वाळवत नाहीत, सुरकुत्या पडून निम्म्याच्या खाली आली की उचलतात आणि प्रेसमध्ये घालतात. मी हँडल फिरवून बघितलं. काहीच होईना. आणखी जोर लावला तर बऱ्याच वेळाने खालच्या पन्हळीत एक तार लोंबली, मधासारखी, तुटेचना. त्यांनी बोट लावून चाटलं, मलाही खूण केली. नुसता गोड नाही, त्याला संत्र्याच्या सालीचा वास होता.

इथून पुढे सगळं काम यीस्टचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल करतं, साधी गोष्ट. पण एवढ्या साखरेत त्यालाही सुधरत नाही. मुरांब्याला बुरशी का धरत नाही, त्याच कारणाने, साखरच त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेते. त्यामुळे ते रखडत रखडत, आठवडेच्या आठवडे काम करतं आणि तेरा-एक टक्के अल्कोहोल झालं की मान टाकतं. राहिलेली साखर तशीच वाइनमध्ये राहते. बाहेरून साखर घातलेली नाही, बाहेरून अल्कोहोलही ओतलेलं नाही. बारमध्ये प्यायले तो प्रकार वेगळा, त्यात द्राक्षाचं कडक स्पिरिट ओतून यीस्ट मध्येच मारतात. मामाआजोबांच्या मते ती फसवणूक. मामींच्या मते तीच खरी मालागा आणि नवऱ्याने हे नवीन खूळ या वयात काढलं. खूळ अगदीच एकट्याचं नाही म्हणा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तेल्मो रोद्रिगेस नावाचा वाइनवाला याच डोंगरांत, कोंपेताला आला आणि मोलिनो रिआल नावाची अशी बिनस्पिरिटची मोस्कातेल केली, तेव्हापासून जुनी पद्धत लोकांना पुन्हा आठवली.

ग्लासात ओतली ती फिकट सोनेरी होती. मी नाकाजवळ नेली आणि थांबले. संत्र्याची साल होती, मध होता, पण त्याच्या मागे आणखी एक वास होता जो मला ओळखीचा होता आणि पटकन नाव सापडत नव्हतं. मार्चमधली दुपार, तीनचा सुमार, शेडच्या पत्र्याखाली वारा पडलेला, बेदाणा दोन दिवसांत झाडायला येणार, आणि गोणपाटावर मी झोपलेली. तो वास. कुणी समोर नसतं तर रडले असते, पण सगळे बघत होते म्हणून घोट घेतला. गोड, आणि गोडाच्या शेवटी जरा आंबट, त्यामुळे पुढचा घोट घ्यावासा वाटत होता. सोबत मामींनी आहोब्लांको दिलं, बदाम, लसूण आणि पावाचं थंडगार पांढरं सूप, त्यात तीच ताजी मोस्कातेल द्राक्षं टाकलेली. लसणात द्राक्षं, मी मनात नाक मुरडलं आणि दोन वाट्या खाल्ल्या.

दुपारभर मामाआजोबा बोलत होते आणि ती बिचारी अनुवाद करून दमली. या डोंगरांवर एके काळी वेलच वेल होते, सबंध मालागा प्रांतात एक लाख हेक्टरांच्या वर. शरद ऋतूत बंदरात जहाजं लागायची, माल उचलायची धांदल उडायची, त्या हंगामाला वेंदेहा म्हणत. इंग्रज लोक इथल्या वाइनला नुसतंच "माउंटन" म्हणायचे. आणि १८७८ मध्ये फिलॉक्सेरा आला, अमेरिकेतून आलेला मुळं खाणारा बारीक किडा. स्पेनमध्ये तो पहिल्यांदा सापडला तो इथेच, मोक्लिनेहोच्या एका शेतात. काही वर्षांत डोंगर उघडे पडले, माणसं जहाजात बसून निघून गेली. उपाय सापडला तो गंमतशीर, खाली अमेरिकन वेलाचं मूळ, ज्याला तो किडा मारू शकत नाही, आणि वर आपलं कलम. मी म्हटलं, अहो, आमच्याकडेही तसंच! आमच्या बागेत खाली डॉगरीज, तीही अमेरिकन, आणि वर कलम भरलेलं. आमचं कारण वेगळं, पाणी कमी आणि जमीन खारी. पण मुळं एकाच खंडातली. म्हातारबांना हे फार आवडलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. दोग्रिच.

वाइनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीची किंमत विचारली आणि मनात हिशोब केला, त्या वर्षीच्या आमच्या भावाने दहा किलोच्या वर बेदाणा होत होता. मग माझ्या डोक्यात जे सुरू व्हायचं ते झालंच, मूल्यवर्धन, ब्रँडिंग, तासगावची डेझर्ट वाइन, लेबलवर अण्णांचा फोटो, माळेसकट. परत येताना गाडीत पोस्टच लिहायला घेतली होती मनातल्या मनात. पण मग डोंगराच्या खालच्या अंगाला हिरवीगार गर्द झाडं दिसायला लागली आणि मी विचारलं हे काय. आंबा, ती म्हणाली. आणि अव्होकाडो. मामाच्या दोन्ही पोरांनी तेच लावलंय. घड उलटायला कोण वाकणार? संयुक्त राष्ट्रांच्या एफएओने इथल्या मनुका करायच्या पद्धतीला जागतिक कृषी-वारसा म्हणून मान्यता दिलेली आहे, गावात पाटी आहे, सप्टेंबरमध्ये एल बोर्हेला मनुकांचा सण असतो, सगळं आहे, पण वाकायला माणूस नाही. आणि आंब्याचंही सुख नाही, कारण त्याला पाणी लागतं, आणि त्या भागाचं मोठं धरण ला विन्युएला २०२३ च्या शेवटी १० टक्क्यांच्याही खाली होतं. टँकरने बाग जगवलेल्या माणसाची मुलगी मी, मला ते कोरडं पडलेलं धरण बघून काही विचारावंच लागलं नाही. पोस्ट राहिली.

बाटली मात्र घेतली एक. आणि मनुकांचा एक पुडा.

अरबांच्या काळात मालागाच्या गोड वाइनला शराब अल-मालकी म्हणत, असं त्या मुलीने जाताजाता सांगितलं होतं. शराब म्हणजे अरबीत नुसतंच पेय. आपलं सरबतही त्याच धातूतलं. हे मला दिवाळीत कामी आलं. आईने बॅग उपसताना बाटली वर काढली आणि "ही कसली गं?" विचारलं, मी म्हटलं, द्राक्षाचं सरबत आहे, तिकडचं. भाषाशास्त्राच्या दृष्टीने एक अक्षरही खोटं नव्हतं. आईने बाटली उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि माझ्याच कपाटात मागे, स्वेटरच्या खाली ठेवून दिली.

अण्णा ओट्यावर बसले होते. पुडा फोडून त्यांच्या हातावर मनुका ठेवल्या. त्यांनी आधी एक दोन बोटांत फिरवली, मग चुरगाळल्यासारखी दाबली, मग वास घेतला.

"धुरी दिल्याली न्हाय."

"नाही. ऑइलपण नाही. नुसत्या उन्हात वाळवतात."

"किती दीस?"

"पंधरा-वीस. घड उलटायला लागतो हाताने."

"हातानं?" त्यांनी तोंडात टाकली. कट् आवाज मला पण ऐकू आला. थोडा वेळ चावत राहिले, मग दोन बिया तळहातावर काढल्या आणि चष्मा वर करून बघितल्या. "बेदाणा न्हवं ह्यो. मनुका हाय."

"हो."

"तितंबी चाराला एकच?"

"एकच. वाइनला तर त्याच्याहून कमी." जीभ घसरली. अण्णांनी ऐकलं की नाही माहीत नाही. त्यांनी आणखी एक मनुका घेतली, तिच्याही बिया काढल्या, आणि उठून त्या चार बिया पायरीजवळच्या डब्यात, कोरफडीच्या बाजूला, बोटाने मातीत खोचल्या.

"अण्णा, बियाचं द्राक्ष बापावर जात नाही, तुम्हीच सांगता."

"न्हाय जात," ते म्हणाले, आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्यावर ओतलं.